पिशवी होती त्यांच्या हातात

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून बसले तेव्हाही हे तेवढं वगळून बाकीचं सांगितलं. मग तुम्हाला का सांगतेय? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात, तर मी आधी तुमचा चेहरा निरखला असता. हिला किती ठाऊक आहे, याला कुणी काही बोललं का, याचा अंदाज घेतला असता, आणि उन्हाळा यंदा फारच आहे असं म्हणून उठून गेले असते.

मी अशी आहे. संशयी. कुणी दारात चप्पल घालताना जरा जास्त रेंगाळलं तरी मला वाटतं, हिला कळलंय. दोन बायका कोपऱ्यावर बोलत असल्या आणि मी आल्यावर गप्प झाल्या, की मी उगाच पदर सावरत घाईनं पुढे निघते. त्या बिचाऱ्या भाजीच्या भावाबद्दल बोलत असतील. पण ज्यानं लपवलंय, त्याला सगळं जग झडती घ्यायला निघालंय असंच वाटतं — नाही का?

तेव्हा आम्ही नाशिकला त्र्यंबक रोडच्या अलीकडे नवीन झालेल्या कॉलनीत राहायला गेलो होतो. साल असेल पंच्याण्णव-शहाण्णव. आमचे हे सातपूरला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. मी घरीच शिवणाचे क्लास घ्यायचे. गच्चीवर उभं राहिलं की पश्चिमेला अंजनेरीचा डोंगर दिसायचा, सपाट माथ्याचा, उन्हाळ्यात दुपारी तर धुळीत विरघळल्यासारखा. कॉलनीत भालेराव सर होते, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी डोंगरावर जायचा एक गट केला होता. आठ-दहा जण. उन्हाळाभर दर रविवारी सीबीएस स्टँडवरून पहिली त्र्यंबकची एसटी धरायची, अंजनेरी फाट्यावर उतरायचं, ऊन चढायच्या आत वर जाऊन यायचं.

लोक म्हणायचे, पावसाळ्यात जा ना, उन्हाळ्यात काय आहे डोंगरावर, दगड? सर हसायचे. उन्हाळ्यात काय असतं ते मी त्यांच्यामुळे पाहिलं. बिनपानांच्या रानात एकदम पांढऱ्या फुलांनी भरलेला कुडा. अंजनीच्या झुडपांच्या फांद्यांना बिलगलेली निळी-जांभळी फुलं, जणू कुणी दोऱ्यानं भरतकाम केलंय. रस्त्याकडेला बहाव्याचे पिवळे घोस. करवंदीच्या जाळ्या. मी साडीवर कॅनव्हासचे बूट घालून जायचे, सुरुवातीला लोक बघायचे, मग सवय झाली. खरं सांगू? आठवड्यातली ती एकच सकाळ अशी होती, की मला कुणी 'कुठे होतीस' असं विचारत नव्हतं.

घरी विचारायचे. आमचे हे वाईट नव्हते — पण विचारायचे. कोण कोण होतं? एवढा वेळ कसा लागला? सरांच्या मिसेस आल्या होत्या का? फुलंच बघायला जाता ना? ते 'फुलंच' अशा काही पद्धतीनं म्हणायचे, की मी न केलेलं काहीतरी माझ्या अंगावर चिकटायचं.

हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. पुढे कळेल तुम्हाला, की त्यानं काही फरक पडत नाही.

आता निकम काकांबद्दल सांगायला हवं. इथं नेहमी मी थांबते, मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

निकम काका मूळचे सटाण्याकडचे, मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. बायको गेलेली. मुलगा-सुनेकडे राहायला आमच्या कॉलनीत आले ते सरांच्याच सांगण्यावरून. सर पूर्वी मनमाडच्या शाळेत होते, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. मोठा देखणा प्रकार होता तो. सर बोलके, शिस्तीचे, पुढे चालणारे. काका कमी बोलणारे, सावकाश, कायम सगळ्यात मागे. दर दहा पावलांनी थांबून काहीतरी बघत राहायचे. सर वरून ओरडायचे, "निकम, गाडी लेट का?" आणि काका खालून हात हलवायचे. बोलताना अहिराणीचा शब्द मध्येच यायचा. कॉलनीत कुणी कुणाबद्दल वाकडं बोललं की ते म्हणायचे, "नही हो, तसं नसेल." नेहमी हेच. दूधवाल्यानं पाणी घातलं तरी — तसं नसेल. मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. एवढा विश्वास कसा काय ठेवता येतो माणसाला?

आणि ते झाड. किंवा झाडावरचं झाड म्हणा. वाटेपासून जरा आत एक जुना आंबा होता, आणि त्याच्या खालच्या बेचक्यात सीतेची वेणी धरली होती. ती आमरीची, म्हणजे ऑर्किडची जात. मुळं सालीला घट्ट धरून राहतात, मातीचा संबंध नाही. मे महिन्याच्या मध्यावर, सगळं रान करपलेलं असताना, तिला गुलाबी फुलांचे लांब झुपके यायचे, खाली लोंबणारे, अगदी गुंफलेल्या वेणीसारखे. सरांना ती कित्येक वर्षांपूर्वी सापडली होती. आम्हाला दाखवताना त्यांनी बजावलं होतं, ही जागा बाहेर कुणाला बोलायची नाही. लोक उपटून नेतात, विकतात. बघायचं आणि यायचं. वाटेत कुणी अनोळखी दिसलं तर सर आम्हाला सरळ पुढे नेत, आंब्याकडे मान वळवू देत नसत. आम्ही सगळेच मग लोकांकडे चोर समजून बघायला लागलो होतो. त्यात एक गंमतही होती. आपल्याकडे राखण्यासारखं काहीतरी आहे, याची.

त्या रविवारी वेणी भरभरून फुलली होती. आम्ही बराच वेळ तिथं बसलो. मग खाली निघालो, आणि पायथ्याजवळच्या सावलीत पोचल्यावर मी म्हणाले, अगंबाई, पाण्याची बाटली विसरले वर. तुम्ही बसा, मी आणते.

बाटली विसरले की मुद्दाम ठेवली, हे इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही असं मी आता म्हणणार होते. — नाही. येतं सांगता. मुद्दाम ठेवली होती.

एकच झुपका घ्यायचा होता मला. घरी नेऊन ह्यांच्यापुढे धरायचा आणि म्हणायचं, हे बघा, यासाठी जाते मी. बस. दगडावर चढले, हात पोचला. देठ ओढला तर तो तुटेना, फुलंच चुरगळली. जोरात ओढला. आणि सालीसकट अख्खं झाड माझ्या हातात आलं. जाड, पांढरट मुळं. जुनी साल खरवडून निघालेली. शेजारचा दुसरा कोंब त्याच्यात गुंतला होता, तोही आला. बेचक्यात ओलसर, उघडा डाग राहिला.

मी काय करायला हवं होतं? तिथंच ठेवून द्यायचं, खाली जाऊन सांगायचं, सर, माझ्याकडून असं झालं. सर रागावले असते. कदाचित महिनाभर बोलले नसते. ह्यापलीकडे काय झालं असतं? पण मी इकडे तिकडे पाहिलं, खांद्याच्या शबनममधला टॉवेल काढला, सगळं त्यात गुंडाळलं, आणि पिशवीच्या तळाशी दाबलं.

उतरताना करवंदीच्या जाळीपाशी निकम काका दिसले. ते अजून खाली पोचलेच नव्हते; वर जाताना जाळीआड होते म्हणून मला दिसले नव्हते. हातात कापडी पिशवी, बोटं चिकानं आणि काट्यांनी भरलेली. मी दचकले. ते त्याहून जास्त दचकले. मग हसले आणि पिशवी माझ्यापुढे उघडली. काळीभोर करवंदं होती. म्हणाले, "घ्या ताई. पण एक करा, कोणाले बोलू नका."

मी विचारलं, का हो?

तर लाजत म्हणाले, सूनबाईला डोहाळे लागलेत. करवंदं मागत होती. मागच्या खेपेला सगळ्यांना सांगून बसलो आणि तिसऱ्या महिन्यात राहिलं नाही, तेव्हापासून ती फार घाबरते. या खेपेला दिवस भरत येईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असा तिला शब्द दिलाय. तुम्ही लेकीसारख्या, म्हणून सांगितलं.

मी त्यांच्या पिशवीतली मूठभर करवंदं खाल्ली. खांद्यावर माझी पिशवी तशीच. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं. मी पुढे झाले. सगळ्यांना हातातली बाटली दाखवली. थोड्या वेळानं काका आले, पिशवी अंगाशी धरून. कुणीतरी थट्टेनं विचारलं, काय आणलं काका? ते म्हणाले, काही नाही, असंच.

घरी पोचले तर माझे दीर-जाऊ पुण्याहून अचानक आलेले. मी शिवणाच्या खोलीत जाऊन ते गाठोडं कापडाच्या चिंध्यांच्या पेटीत लपवलं. ती मंडळी जाईपर्यंत फुलं काळवंडली होती. आणि आता ह्यांना दाखवायचं म्हणजे — ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, कारखान्यातल्या मित्राची बायको आमच्याच गटात. नको. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून बाजारात जाताना महापालिकेच्या कचराकुंडीत टाकून दिलं. म्हणजे ज्याच्यासाठी केलं, तेसुद्धा झालं नाही.

पुढच्या रविवारी सर सगळ्यांच्या आधी आंब्यापाशी पोचले. आम्ही गेलो तेव्हा ते खाली बसले होते. बेचक्याकडे बोट करून नुसते बघत होते. झाडाखाली चुरगळलेली, वाळलेली फुलं. कुणीतरी म्हणालं, मुंबईवाले असतील. कुणी म्हणालं, गुराखी. परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले, आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, गेल्या रविवारी तुम्ही बाटली आणायला वर गेलात, तेव्हा होती का वेणी?"

"होती," मी म्हणाले.

"मग तुमच्या मागे कोण होतं?"

निकम काका त्या दिवशी आले नव्हते. सुनेला दवाखान्यात नेलं असणार, हे मला एकटीला कळत होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आणि म्हणाले, "निकम काका मागे राहिले होते." एवढ्यावर थांबता आलं असतं. सर गप्पच होते. ती गप्प जागा मला सोसवेना. मी पुढे म्हणाले, "पिशवी होती त्यांच्या हातात."

बघा, यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. खोटं बोलायला मला आधी भीती वाटायची, पण हे बोलताना अजिबात वाटली नाही. खऱ्यानं जे काम केलं, ते खोट्यालाही जमलं नसतं.

सरांच्या मिसेस पुढच्याच सीटवर होत्या. दोन दिवसांत ते माझ्या क्लासात पोचलं. एकीनं सांगितलं, काकांच्या गच्चीवर कुंड्या किती आहेत बघा. दुसरी म्हणाली, नर्सरीवाल्याशी त्यांची ओळख आहे, परवाच बोलत होते. तिसरीला आठवलं, की तिच्या अंगणातलं मोगऱ्याचं कलमही असंच गेलं होतं. कुणाला काही माहीत नव्हतं, पण प्रत्येकीकडे घालायला काहीतरी होतं. मी मशीनवर बसून बाही जोडत होते. मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर शांततेत मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्याच्या पुढच्या रविवारी सीबीएसवर आम्ही सगळे उभे होतो. काका आले, नेहमीसारखे, पांढरी टोपी, खांद्याला पाण्याची पिशवी. कुणी 'या काका' म्हणालं नाही. सर पुढे झाले. माणसांच्या गर्दीत, सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "निकम, त्या दिवशी पिशवीत काय होतं?"

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत आरोप नव्हता — असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त वाट पाहणं होतं. ही ताई आता सांगेल, की मी पाहिलंय, तसं काही नव्हतं. काय होतं ते नाही सांगणार, पण तसं नव्हतं एवढं सांगेल. एवढंच तर पुरे होतं.

मी खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती.

काका म्हणाले, "सर, तुम्ही माले पिशवी विचारता?"

सर म्हणाले, "साधा प्रश्न आहे. उत्तर द्या."

काका म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत." आणि वळून गेले. मी मान वर केली तेव्हा पांढरी टोपी रिक्षांच्या आड गेली होती. गाडी लागली, आम्ही चढलो. माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, चोराच्या मनात चांदणं. मी मान हलवली. हो, हलवली.

त्यानंतर ते गटात आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही. भाजी घेताना बायका त्यांच्या सुनेशी, वैशालीशी, तुटक बोलायच्या; तिला वाटायचं, आपल्या अवघडलेपणाची कुणाला कुणकुण लागली की काय. हिवाळ्यात तिला मुलगी झाली. बारशाला कॉलनीतली निम्मी घरं गेली नाहीत. मी गेले. झबलं शिवून नेलं. काकांनी दारात हात जोडले आणि म्हणाले, या ताई. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तोरणाकडे पाहत आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ते एकटेच अंजनेरीवर गेले. वयस्कर माणूस, मे महिन्याचं ऊन, सोबत कुणी नाही — सोबत कशी असणार? उतरताना घसाऱ्यावरून पाय सटकला. गावातल्या माणसांनी उचलून जीपमधून आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. कॉलनीत ही बातमी आली तेव्हा पहिलं वाक्य काय निघालं, ठाऊक आहे? "परत गेला होता वाटतं चोरायला." आधीच्या संशयाला आता पुरावा मिळाला होता. गटात असते तर ते मागे राहिल्यावर सर थांबले असते, हाक मारली असती. त्यांना गटाबाहेर मी काढलं होतं. हे गणित मी नको तितक्या वेळा मांडून पाहिलंय. उत्तर बदलत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण जे मला खरं सांगायचंय, ते याच्या पुढचं आहे.

मी दवाखान्यात त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ, मुलगा डबा आणायला गेलेला. मी विचारलं, कशाला गेलात काका एवढ्या उन्हात? ते म्हणाले, एखादी मुळी राहिली असली तर पुन्हा फुटते का, बघावं म्हटलं. फुटली असती तर सरांना सांगितलं असतं, त्यांचा राग गेला असता. पण नव्हतं काही. साल पार वाळून गेली होती.

मग ते पंख्याकडे बघत म्हणाले, "ताई, माले ठाऊक शे, ते कोणी नेलं."

मला वाटलं, आता संपलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, बोला काका, एकदाचं बोलून टाका.

ते म्हणाले, "सरांनीच."

त्यांनी सगळं जुळवलं होतं. वर्षभर एकटे बसून दुसरं काय करणार होते? म्हणाले, सरच नेहमी म्हणायचे ना, इथं वेणी सुरक्षित नाही, कधीतरी हलवली पाहिजे. जागा त्यांनाच पाठ. नेली असणार कुठंतरी, आणि कुणी आपल्याकडे बोट दाखवू नये म्हणून माझ्याकडे दाखवलं. नाहीतर इतक्या वर्षांचा सोबती सगळ्यांसमोर असं विचारतो का? "मला एकट्याला बाजूला घेऊन विचारता आलं असतं की नाही? तुम्हीच सांगा ताई. तुम्हाला काय वाटतं?"

ज्या माणसानं दूधवाल्यावरही कधी संशय घेतला नव्हता, तो हे बोलत होता. आणि अंदाज घेत माझ्याकडे बघत होता — अगदी मी बघते तसं. एक शब्द पुरला असता. नाही काका, तसं नसेल. त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचं होतं फक्त. माझं नावसुद्धा सांगायची गरज नव्हती.

मी म्हणाले, "असेल."

हे. हे सांगायचं होतं मला.

ते उशीवर मागे टेकले. समाधान झाल्यासारखे. मग माझा हात धरून म्हणाले, त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, मला आधी वाईट वाटलं होतं. मग कळलं, तुम्ही सूनबाईची गोष्ट राखली. मी शब्द मोडायला लावला असता तुम्हाला. उपकार झाले.

मी तो हात तसाच धरू दिला.

सर भेटायला गेले तेव्हा काकांनी भिंतीकडे तोंड केलं. सरांना वाटलं, अपराधी आहे, नजरेला नजर देत नाही. एकाची पाठ बघून दुसऱ्याची खात्री झाली. बरे झाले तरी काकांना काठी सुटली नाही. पुढे ते मनमाडला मुलीकडे राहायला गेले.

काही वर्षांनी, बोलता बोलता, वैशालीनं सरांच्या मिसेसना सांगितलं, की लेकीच्या वेळी मला करवंदांचे डोहाळे होते आणि मामंजींनी गुपचूप डोंगरावरून पिशवीभर आणली होती. तिला बिचारीला पिशवीचं पुढचं काही ठाऊकच नव्हतं. काकांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं. सर त्याच दिवशी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "वहिनी, करवंदं होती म्हणे." मी म्हणाले, "हो?" भुवया वर करून. ते मला फार चांगलं जमलं.

सर मनमाडला गेले, माफी मागायला. संध्याकाळी परत आले ते एकदम म्हातारे होऊन. काकांनी त्यांना आत घेतलं नाही. दारातच म्हणाले, झाड तुम्ही नेलं आणि मला चोर केलं, आता कशाला आलात? सर मला विचारत होते, "त्याच्या मनात हे भरवलं कुणी? तो असा नव्हता हो. त्याला कुणावर संशय घेता येत नव्हता." मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. काका आणखी काही बोललेत का? मी करवंदं खाल्ली होती, मला ठाऊक होतं — हे बोललेत का? नसावेत. मला त्यातल्या त्यात याचंच बरं वाटलं. समोर एक माणूस मोडून पडला होता आणि मला त्याचं बरं वाटलं.

त्यानंतर सर सगळ्यांनाच तपासल्यासारखं बघायला लागले. मनमाडला कोण जातं, कोणाचा फोन असतो. गटातल्या दोघांशी त्यांनी भांडणं केली, काकांचे कान तुम्हीच भरलेत म्हणून. माझ्याशी नाही केलं. गट मोडला. रविवारची एसटी बंद झाली.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास निकम काका गेले. त्यांच्या मुलीनं मला फोन केला, तिला माझा नंबर काकांनीच दिला होता. रडत होती. म्हणाली, "बाबा तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, नाशिकला एकच माणूस खरं निघालं, मंगलताई." मी ऐकलं. म्हणाले, हो. आणखी काय म्हणाले ते आठवत नाही, पण 'नाही' म्हणाले नाही एवढं नक्की.

बातमी ऐकून सर आले. आमच्या ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "शेवटी माझं नाव काढलं का त्यानं?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं.

सर अजून आहेत. आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी आत जाऊन चहा केला, त्यांना दिला, आणि त्यांनी तो गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.